जावई कशाचा डॉक्टर?

मी पाच वर्षं कोणाच्याही घरी बसलो नाही. लोकांना वाटायचं, मधू फार नम्र आहे.

नम्र कसला! मूळव्याध होती. पण हे देवासात बोलायचं कुठे? टेकडीच्या पायथ्याशी माझं नारळ-चुनरीचं दुकान. वर माताजीच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक माणूस विचारणार, “और भिया, कैसे हो?” आता काय सांगायचं, “ऊपर से ठीक हूँ”? म्हणून मी दुकानात उभा, लग्नात उभा, मयतीत उभा. बारशाला गेलो तर पाळण्याजवळ उभा. लोक म्हणायचे, “बसा ना मधूभाऊ!” मी हात जोडायचो. “नको नको, मोठ्यांसमोर बसायचं नाही, आजोबांची शिकवण आहे!” (आजोबा जन्मभर तक्क्याला टेकून बसले. त्यांना उठवायला दोन माणसं लागायची.)

डॉक्टरला दाखवलं होतं, नाही असं नाही. ते म्हणाले, छोटंसं ऑपरेशन आहे, भूल देऊ, कळणारही नाही. ‘कळणारही नाही’ म्हटल्यावर मी चपला हातात घेऊन पळालो. उद्या उठलोच नाही तर? तेही कळणार नाही! मला स्वतःच्या मरणाची बातमी सगळ्यात शेवटी कळावी, हे काही बरोबर नाही.

तर असं सगळं उभ्या-उभ्या चाललेलं असताना माझ्या भाचीचं, रेवाचं, स्थळ आलं. मुलगा धारचा. डॉक्टर. नाव सुहास. इंदूरच्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि (हे फक्त मला माहीत) पसंतही केलं होतं. रेवा शाळेत शिकवते, हुशार पोरगी. तिनं मला दुकानामागे नेऊन सांगितलं, “मामा, आत्तापर्यंत बाबांनी पाच स्थळं मोडलीत. हे मोडलं तर मी लग्नच नाही करणार. तू काही बिघडवू नकोस.”

“मी कशाला बिघडवीन?”

“तू मुद्दाम नाही बिघडवत मामा. तुझ्याकडून होतं.”

तिचे बाबा म्हणजे आमचे दाजी, ताईचे यजमान. रिटायर हेडमास्तर. अजूनही जेवायला बसतात ते पेपर तपासायला बसल्यासारखे. भाजीत मीठ कमी असलं की ताईकडे असे बघतात की तिला वाटतं, आता अंगठे धरून उभं करतात. त्यांनी बायोडाटा वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

“एम.डी. लिहिलंय. पण कशात एम.डी.? मला रोगी तपासणारा डॉक्टर पाहिजे. पाटी, दवाखाना, बाहेर रांग. मधू, तू धारला जा आणि चौकशी करून ये.”

आता रेवाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण आमच्यात मुलीनं हे सांगायचं नसतं. चौकशी मामानं करायची. जुनी पद्धत आहे. मामा जाऊन आला की स्थळाला शिक्का बसतो. मामा कसा आहे, हे कोणी बघत नाही.

गेलो. बसमध्ये उभा राहून गेलो. कंडक्टर म्हणाला, “काका, सीट खाली है.” मी म्हटलं, “बेटा, जिसको ज़रूरत हो उसको दो.” सगळी बस माझ्याकडे आदरानं बघायला लागली.

घर सापडलं. दाराशी पाटी होती. आता माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. अक्षरं मी ओळखतो, पण ओळख रस्त्यातली. नमस्कार होतो, गप्पा होत नाहीत. नाव लागलं. त्याच्याखाली इंग्रजीत एक शब्द होता, मालगाडीएवढा. इंजिन दिसलं, गार्डाचा डबा काही दिसेना. मग समोरच्या कचोरीवाल्याला विचारलं.

“भिया, ये डॉक्टर साब काहे के डॉक्टर हैं?”

“अरे भिया, भोत बड़े डॉक्टर हैं! ऑपरेशन कोई बी हो, हड्डी का, पेट का, आँख का, इनके बिना सर्जन चाकू नी उठाता!”

बस! आणखी काय पाहिजे? हाड, पोट, डोळा, सगळं एकाच माणसाकडे! मी दोन कचोऱ्या खाल्ल्या (तिखट होत्या, दुसऱ्या दिवशी फार पस्तावलो) आणि परत आलो.

“काय म्हणतात?” दाजींनी विचारलं.

“दाजी, डोळे मिटून मुलगी द्या. मोठा सर्जन आहे.”

“कशाचा?”

“सगळ्याचा!”

“सगळ्याचा कोणी नसतो, मधू.”

“तुमच्या काळात नसेल.”

दाजी गप्प झाले. ते माझ्यामुळे गप्प झाले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं, त्यामुळे मला जरा चढली. आणि तिथून घोळ सुरू झाला.

हाटपिपल्याहून दाजींच्या थोरल्या काकांचा फोन आला. “मधू, मुलगा हाडांचा डॉक्टर आहे का रे? माझा गुडघा कटकट वाजतो.”

आता, चौकशी करून आलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणता येतं का? “हाडांचाच तर आहे काका!”

मग काकूंनी फोन घेतला. “मला छातीत धडधडतं रे. हृदयाचं बघतो का?”

“हृदय तर त्याच्या हातचा मळ आहे काकू!”

राजगढची आत्या म्हणाली, “मला समोरचा माणूस ढगात उभा असल्यासारखा दिसतो.”

“डोळे? अहो आत्या, डोळ्यांसाठीच धार प्रसिद्ध आहे!”

माझ्या लहानपणी बरं होतं. गावात एक डॉक्टर, एक लाल औषध. ताप आला, लाल औषध. पाय मुरगळला, लाल औषध. आता माणसाची भावकीत वाटणी व्हावी तशी वाटणी झालीय. डोळे एकाला, हाडं दुसऱ्याला, कान-नाक-घसा मिळून तिसऱ्याला. एकाला नुसती कातडी. एकाला नुसतं मूत्रपिंड. मी म्हटलं, हा एक पोरगा निघाला ज्यानं सगळी इस्टेट एकट्याच्या नावावर ठेवलीय, तर आपण कशाला तुकडे पाडायचे?

रविवारी आम्ही मुलाचं घर बघायला निघालो. ठरलं होतं चौघांचं. दाजी, ताई, रेवा आणि मी. जीपमध्ये चढताना बघतो तर आत काका, काकू आणि आत्या आधीच बसलेले! प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी.

दाजींनी विचारलं, “तुम्ही कुठे?”

“रेवा आमची कोणी नाही का?” काकू म्हणाल्या. “आम्हांला नको का बघायला मुलगा?”

“आणि पिशवीत काय?”

“असंच.”

मी जीपच्या मागच्या पायरीवर उभा राहून गेलो. घाटाबिल्लोदला ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली आणि गाल धरून हळूच मला विचारलं, “भिया, सुना है डॉक्टर के याँ जा रे हो. दाँत बी देखते हैं क्या?”

मला ‘हो’ म्हणायची सवयच लागली होती.

धारला त्या लोकांनी स्वागत फार छान केलं. घरात मुलगा आणि त्याची आई. आईंना सगळे माई म्हणत. सुहास उंच, शांत, बोलणं हळू. ओट्यावर दूध तापत ठेवलं तर ते उतू जायला लाजेल असा शांत! रेवानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं रेवाकडे पाहिलं, मी दोघांकडे पाहिलं आणि म्हटलं, मधू, जमलं बरं का.

माई म्हणाल्या, “पत्रिका आणली असेल ना?”

दाजींनी खिशात हात घालायच्या आत काकांनी पिशवीतून मोठ्ठं पाकीट काढलं आणि सुहासच्या हातात दिलं. सुहासनं ते उघडलं. उजेडासमोर धरलं. काळा एक्स-रे! माईंना वाटलं, ही देवासकडची काही नवीन पद्धत असेल.

“हे...?”

“गुडघा!” काका अभिमानानं म्हणाले. “उजवा. डावाही आणलाय, पण तो एवढा चांगला नाही आला.”

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला नाही.

सुहास फार सभ्य. त्यानं गुडघा नीट बघितला. “काका, झीज झालेली दिसते. पण हे हाडांच्या डॉक्टरांना, ऑर्थोपेडिकना दाखवा. मी...”

“मी...”च्या पुढे त्याला कोणी जाऊच दिलं नाही! आत्यानं खुर्ची ओढून खालची पापणी खाली केली आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. “हा बघा. यातून तुम्ही ढगात दिसताय.”

“आत्या, हा मोतीबिंदू वाटतो. नेत्रतज्ज्ञ बघतील. मी...”

“आणि मला ऐका!” काकूंनी त्याचा हात ओढून नाडीवर ठेवला. “धडधडतंय की नाही?”

“काकू, यासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे ई.सी.जी. काढावा लागेल. कधीकधी थायरॉइडमुळेही होतं, त्याचे डॉक्टर वेगळे. मी...”

“म्हणजे एका धडधडीला दोन डॉक्टर?” काका म्हणाले.

एवढ्यात दारातून ड्रायव्हर आत आला, ‘आ’ करूनच आला.

दाजी उठले. हेडमास्तर वर्गात शिरल्यावर होते तशी शांतता झाली. ड्रायव्हरनं तोंड मिटलं.

“डॉक्टर, तुम्ही हाडांचे?”

“नाही.”

“डोळ्यांचे?”

“नाही.”

“हृदयाचे?”

“नाही.”

“दाँत के?” ड्रायव्हर दारातून.

“नाही.”

“मग आहात कशाचे?”

“मी भूल देतो,” सुहास म्हणाला. “ॲनेस्थेटिस्ट. बाहेर पाटीवर लिहिलंय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. चांगला पंखा होता, तीन पाती.

काका म्हणाले, “म्हणजे झोपवता? झोपायला डॉक्टर कशाला? मी तर जेवल्यावर आपोआप झोपतो.”

“झोपवणं सोपं आहे काका,” सुहास म्हणाला. “सर्जनचं सगळं लक्ष जिथे कापलंय तिथे असतं. बाकीच्या माणसाकडे मी बघतो. श्वास, नाडी, रक्तदाब. आणि शेवटी त्याला परत उठवतो.”

“रोगी तुम्हांला ओळखतात?” दाजींनी विचारलं.

“क्वचित. ते झोपलेले असतात.”

दाजींनी टोपी उचलली. “ज्या डॉक्टरला त्याचा रोगीच ओळखत नाही, त्याची पाटी कोण वाचणार? निघू या आपण. मधू, तुझ्याशी घरी बोलतो.”

रेवानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तरी चाललं असतं हो! पण तिचे डोळे भरले होते, आणि ओठ हलले ते एवढंच, “मामा.”

सहावं स्थळ, आणि ते माझ्या तोंडानं मोडलं! काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी दारात आडवा उभा राहिलो. “दाजी, थांबा! चूक माझी आहे. मला पाटी वाचता आली नाही. कचोरीवाल्यानं सांगितलं ते मी...”

“अहो, असं उठून जाऊ नका!” माई मध्ये आल्या. “निदान मुलीच्या मामांचा मान तरी घ्या. मामांना चौरंगावर बसवून नारळ दिल्याशिवाय आमच्याकडून कोणी जात नाही.”

आणि त्यांनी आतून नारळ, लाडवाचं ताट आणि चौरंग आणला. जुना, शिसवी, चारी बाजूंनी पितळी फुलं ठोकलेला. फुलं कसली, एकेक पाकळी टोचायला तयार!

“नको माई, मी उभाच बरा. आजोबांची शिकवण...”

“अहो, आल्यापासून उभे आहात! किती तो संकोच!” माईंनी एका बाजूनं धरलं, काकूंनी दुसऱ्या बाजूनं. दाजी गुरगुरले, “बस आता! मान घे आणि चल!”

हेडमास्तर ‘बस’ म्हणाले. मी बसलो.

मी जी किंकाळी मारली ती धारच्या किल्ल्यावर आपटून परत आली. मी उडालो. नारळ उडाला. लाडवाचं ताट काकांच्या चांगल्या न आलेल्या गुडघ्यावर पडलं. काकू ओरडल्या, “धडधडतंय, धडधडतंय!” आत्या विचारत होती, “काय झालं? कोण उडालं?” ड्रायव्हरनं घाईत एक लाडू तोंडात घातला आणि दातामुळे तोही ओरडला. आणि मी माईंच्या दिवाणावर पालथा, सगळ्या सोयऱ्यांकडे पाठ करून. म्हणजे पाठ वरती होती असं नाही, जी दुखत होती ती बाजू वरती होती.

सुहास माझ्या तोंडाशी जमिनीवर बसला. सगळ्यांना त्यानं मागे सारलं.

“मामा, किती दिवस आहे हे?”

“पाच वर्षं,” मी उशीत म्हणालो.

“पाच वर्षं!” मागून ताई. “आणि आम्हांला वाटलं, संस्कार आहेत!”

“ऑपरेशन का नाही केलं?”

“भुलीची भीती वाटते.”

“नक्की कशाची भीती वाटते? सांगा मला.”

असं मला कोणी विचारलंच नव्हतं. “उठलोच नाही तर? आणि डॉक्टरसाहेब, सगळे तिथे कापाकापीत. माझ्याकडे कोण बघणार?”

“मी,” तो म्हणाला. “मी डोक्याशी बसलेला असतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चहालाही जात नाही. मघाशी हेच सांगत होतो.”

मग मागून दाजींचा आवाज आला, हेडमास्तरचा नाही, साधा.

“माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा... डोक्याशी एक माणूस होता. तोंडाला फडकं बांधलेला. माझे हात गार पडले होते. तो म्हणाला, ‘सर, सतरा का पहाड़ा सुनाओ.’ मी सतरा चोक अडुसष्टपर्यंत गेलो. डोळे उघडले तर तोच म्हणत होता, ‘सर, आगे?’ सर्जनला मी शाल-श्रीफळ दिलं. त्या माणसाचं नावही विचारलं नाही. तो कोण?”

“तो माझ्यासारखा,” सुहास म्हणाला.

दाजींनी चष्मा काढून पुसला. मग टोपी परत खुंटीला अडकवली. आणि लगेच हेडमास्तर झाले.

“ह्या मधूला झोपवाल?”

“हो.”

“हा दोन मिनिटं गप्प बसत नाही. पूर्ण झोपवाल?”

“खरं तर याच्यात बऱ्याचदा कमरेखालीच बधिर करतो. मामा जागे राहतील.”

“म्हणजे तोंड चालू?” दाजींची फार निराशा झाली. “बरं, तेवढं तर तेवढं. आधी याचं ऑपरेशन. मधू उठला की साखरपुडा!”

मी उशीतून मान काढली. “आणि नाही उठलो तर?”

“तर चौकशी करणारा कोणी उरणार नाही. मग थेट लग्न!”

पुढच्या आठवड्यात झालं ऑपरेशन. सुहास शब्दाला जागला, डोक्याशी बसला. मला कमरेखाली काही कळत नव्हतं, त्यामुळे वर सगळी ताकद आली. मी सर्जनला बस कंडक्टरची गोष्ट सांगितली. एक्स-रेची सांगितली. आजोबांच्या तक्क्याची सांगायला घेतली तेव्हा सर्जन हसून हसून थांबले आणि म्हणाले, “सुहास, इनको सुला दे भाई, मेरा हाथ हिल रहा है!” सुहासनं सलाइनमध्ये काहीतरी सोडलं आणि म्हणाला, “मामा, पाढा म्हणा.” मला दोनाचाच येतो. बे दुणे चार झाले आणि पुढे थेट दुपार!

डोळे उघडले तर समोर दाजी, ताई, रेवा. रेवा हसत रडत होती. दाजी सुहासला विचारत होते, “इतक्या लवकर उठवायची गरज होती का?”

लग्न झालं. मुलीच्या मामाचा मान म्हणून मला मांडवात बसवलं. त्याच चौरंगावर, वर गादी टाकून! पाच वर्षांचं साठलेलं बसणं होतं, मी मनसोक्त बसलो. आणि बसल्यावर बोलायला सुचतं, तसं बोलायलाही लागलो. दाजी जावयाच्या कानाशी लागले, पण हेडमास्तरांचं कुजबुजणं शेवटच्या बाकापर्यंत पोचतं.

“जावईबापू, ते इंजेक्शन आणलंय का हो खिशातून?”

आता मी कोणाच्याही घरी गेलो की आरामात बसतो. आणि देवासात सगळे म्हणतात, मधू उभा होता तेच बरं होतं, निदान लवकर जायचा तरी!